लावे आणि दिसो

बाबांनी 1984च्या नाताळात लीड्सच्या घरी बीबीसी मायक्रो आणला. मॉडेल बीची किंमत 399 पौंड. त्यापायी आमची भारतवारी एक वर्ष पुढे गेली.

त्याच वर्षी सप्टेंबरात अ‍ॅकॉर्नसॉफ्टने ‘एलिट’ हा खेळ बाजारात आणला होता. तो लिहिणारे डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल केंब्रिजच्या जीझस कॉलेजचे विद्यार्थी. यान घेऊन ग्रहोग्रही व्यापार करायचा, वाटेत चाच्यांशी लढायचं. आठ दीर्घिका, प्रत्येकीत 256 ग्रह, आणि मशीनची मेमरी 32 किलोबाइट! ग्रह साठवलेलेच नव्हते. तीन संख्यांचं एक बीज, मागच्या संख्यांची बेरीज करत पुढची काढायची, आणि त्यातून प्रत्येक ग्रहाचं नाव, राज्यव्यवस्था, बाजारभाव दर वेळी नव्याने उगवायचे. नावं अक्षरांच्या जोड्यांतून जुळायची. खेळ सुरू होतो त्या ग्रहाचं नाव दादाने सरळ ‘लावे’ वाचलं, शेजारच्याचं ‘दिसो’. आजी तेव्हा आमच्याकडे होती. तिला ते शब्द मराठीच वाटले, आणि आम्ही तिला तसंच वाटू दिलं.

गेल्या हिवाळ्यात माळ्यावर ‘एलिट’ची कॅसेट सापडली, भीमसेनांच्या कॅसेटींच्या खोक्यात. मशीन केव्हाच गेलं होतं. लॅपटॉपला कॅसेट कळत नाही. तिच्यात असतो नुसता आवाज. बीबीसी मायक्रोच्या टेपवर 1200 हर्ट्‌झचं एक आवर्तन म्हणजे शून्य, 2400ची दोन म्हणजे एक. तो किंचाळता सूर ऐकला आणि मला आमची बैठकीची खोली आठवली. पहिली तीन रेकॉर्डिंगं वाया गेली. मग टेपरेकॉर्डरच्या हेडचा बारका स्क्रू सूर खणखणीत होईपर्यंत फिरवला, आणि चौथ्यांदा सगळे ब्लॉक नीट उतरले.

पण फाइल हाती येणं म्हणजे खेळ हाती येणं नव्हे. ‘एलिट’च्या पडद्यावर वर बारीक पांढऱ्या रेषा असतात, खाली रंगीत फलक. त्या मशीनला एका वेळी चित्र काढायची एकच पद्धत येत होती. म्हणून हा खेळ सेकंदाला पन्नास वेळा, चित्राचा वरचा भाग रेखून होताच, टायमरच्या इशाऱ्यावर पद्धत बदलतो. म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला, एम्युलेटरला, प्रोसेसरच्या आज्ञा येऊन भागत नाही, त्या मशीनचा ठेकाही जसाच्या तसा धरावा लागतो. हे काम हौशी माणसांनी वर्षानुवर्षं, बहुतेक फुकट केलं आहे. त्यांचे उपकार मला फार मोठे वाटतात.

गेलेलं मशीन असं सॉफ्टवेअरमध्ये जागवण्याची ब्रिटनमध्ये परंपराच आहे. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर सँडी डग्लस यांनी 1952मध्ये फुली-गोळ्याचा खेळ लिहिला. खेळणारा टेलिफोनची तबकडी फिरवून घर निवडायचा. एडसॅक 1958मध्ये बंद झाला, मोडीत निघाला. तरी तो खेळ आज खेळता येतो, कारण वॉरिक विद्यापीठातल्या मार्टिन कॅम्बेल-केली यांनी अख्खा एडसॅकच सॉफ्टवेअरमध्ये उभा केला.

माझ्या लॅपटॉपवर ‘एलिट’चा नकाशा उघडला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. दादा पर्थला असतो, तिकडे सकाळ. मी फोनचा कॅमेरा पडद्याकडे वळवला. तो बराच वेळ गप्प होता.

“दिसो कुठंय?” त्याने विचारलं.

लावेच्या शेजारीच होता.