त्रापानीचा किनारा

इटलीच्या सिसिली बेटाचा पश्चिम सागरतट. त्रापानी ते मार्साला या टापूतील उथळ खाजणांत, प्रखर ऊन, सततचा वारा व अल्प पर्जन्य यांच्या योगाने मिठागरांचा व्यवसाय शतकानुशतके टिकून असून, पाणी उपसण्यास व मीठ दळण्यास योजलेल्या पवनचक्क्यांपैकी काही अद्याप उभ्या आहेत. याच खाजणातील मोत्झिया बेटावरचे फिनिशियन नगर इ. स. पू. ३९७ मध्ये सिराक्यूजच्या डायोनिशियसने उद्ध्वस्त केले.

इ. स. ८२७ मध्ये अरबांनी माझाराजवळ उतरून बेट जिंकण्यास प्रारंभ केला. त्यांचा अंमल अकराव्या शतकात नॉर्मनांनी संपुष्टात आणला, तरी त्याची मोहोर दप्तरांपेक्षा मुदपाकखान्यातच अधिक ठसठशीत उरली आहे. गव्हाचा रवा पाण्याच्या हबक्याने हातांनी वळून, ते कण वाफवून, त्यांवर मासळीचा रस्सा ओतून सिद्ध होणारे कुसकुस हे येथील मानाचे पक्वान्न. लसूण, बदाम, टोमॅटो व तुळशीच्या कुळातील बेझिल यांची खलात कुटलेली चटणीही स्थानिकच. समोरच्या एगादी द्वीपसमूहातील फाविन्याना बेटावर फ्लोरिओ घराण्याने एकोणिसाव्या शतकात ट्यूना माशाचा मोठा कारखाना चालविला. सिसिलीचे संमिश्र स्वरूप समजण्यास हा तट राजधानी पालेर्मोहून अधिक उपयुक्त होय.

उत्तरेकडील झिंगारो येथे खुज्या ताडांनी आच्छादलेले कडे थेट समुद्रात उतरतात. तेथून नियोजित असलेल्या सडकेविरुद्ध १९८० मध्ये लोकांनी मोर्चा काढल्यावर, १९८१ मध्ये तो भाग सिसिलीतील पहिले संरक्षित निसर्गक्षेत्र ठरला. आजही तेथे मोटारींस मज्जाव आहे.