जुनी ‘पंप ॲक्शन’ घरात घेताना...

परवाना, दुरुस्ती आणि चाचणीचे नियम. बीड जिल्ह्यातील परवानाधारकांसाठी उपयुक्त माहिती

बीड : केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा प्रश्न राज्यभर गाजला. एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे उघड झाले. समाजमाध्यमांवर पिस्तूल मिरवणाऱ्यांची छायाचित्रे झळकली, तसेच गुन्हे दाखल असलेल्यांचे परवाने रद्द करण्याची कारवाई सुरू झाली.

या गदारोळात दुसरी बाजू काहीशी झाकोळली. ऊसतोडीच्या हंगामात गावेच्या गावे रिकामी होतात आणि शेतवस्तीवर म्हातारी माणसे व लहान मुले मागे राहतात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले, तेव्हा अनेक वस्त्यांवर रात्री दार उघडण्याची सोय उरली नव्हती. अशा भीतीपोटी कायदेशीर मार्गाने बारा बोअरची बंदूक घेऊ पाहणाऱ्यांची पहिली नजर जुन्या बंदुकीकडे जाते. मात्र, जुनी बंदूक घेणे म्हणजे जुनी मोटारसायकल घेणे नव्हे. कागदात चूक झाली तर तुरुंग आणि नळीत दोष राहिला तर स्वतःचाच हात गमावण्याची वेळ येते.

‘पंप ॲक्शन’ म्हणजे काय?

नळीखालची लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ मागे-पुढे सरकवून जी बंदूक रिकामे काडतूस बाहेर टाकते आणि नवे आत घेते, ती ‘पंप ॲक्शन’. काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात. अमेरिकी संशोधक जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरील विंचेस्टर कंपनीचे १८९७ चे मॉडेल आणि पुढे १९५० च्या सुमारास आलेले रेमिंग्टन ८७० यांनी हा प्रकार जगभर रुजवला.

‘बारा बोअर’ हे नाव जुन्या मापावरून आले आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्यास त्यातील एक गोळी ज्या नळीत बसते, ती बारा बोअर. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो. या बंदुकीची छर्ऱ्यांची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीतील दारूगोळा कारखान्यातही बनतात. १८६९ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे.

आधी परवाना, मग बंदूक

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीतच सर्व व्यवहार होतो. बीडसारख्या जिल्ह्यात अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजेच जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करावा लागतो आणि त्यावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र आणि सुरक्षित साठवणुकीची हमीही द्यावी लागते.

संरक्षणासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला कायद्याने पिस्तुलापेक्षा वेगळी, तुलनेने सोपी वागणूक दिली आहे. तरीही सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेच्या कारणावरून परवाना नाकारता येतो. नकाराविरुद्ध अपील करण्याची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे.

पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याच्या परिसरात राहणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते.

जुन्या बंदुकीचा व्यवहार

खासगी व्यक्तींना परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे त्याआधी आलेल्या परदेशी बंदुका हातोहात फिरत राहिल्या आणि त्यांच्या किमती मूळ किमतीच्या कित्येक पट झाल्या. नाव मोठे, पण नळी झिजलेली, असा अनुभव त्यामुळेच अनेकांना येतो.

परवानाधारकाकडून परवानाधारकाला विक्री करता येते. मात्र, विकणाऱ्याने आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवणे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबणे बंधनकारक आहे. बंदुकीवरील क्रमांक, परवान्यावरील क्रमांक आणि व्यवहाराच्या कागदावरील क्रमांक अक्षरशः जुळले पाहिजेत. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर तेथूनच परत फिरावे. वडिलोपार्जित बंदुकीबाबत, परवानाधारकाच्या मृत्यूनंतर अथवा त्याने ७० वर्षे वय गाठल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो.

दुरुस्ती कोणाकडे?

बाहेरून पुसणे, नळी गजाने साफ करणे, तेल देणे ही मालकाची कामे. त्यापलीकडची दुरुस्ती फक्त शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच करावी. ओळखीच्या लेथवाल्याकडून सुटा भाग करून घेणे किंवा गावच्या लोहाराकडे बंदूक देणे हा गंभीर गुन्हा आहे. विनापरवाना दुरुस्तीसाठी किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. ‘घरात वापरायला सुटसुटीत’ म्हणून नळी कापण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये. परवानगीविना नळी आखूड करणे हा गुन्हा आहेच. शिवाय २० इंचांखालील नळीची बंदूक प्रतिबंधित प्रकारात मोडते.

कारागिराकडून पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात :

- नळी : बंदूक पूर्ण रिकामी करून उजेडाकडे धरल्यास आतून आरशासारखी दिसावी. काळे खड्डे, गंजाचे चट्टे, पोचा किंवा फुगवटा असल्यास नळी धोक्याची. फुगवटा म्हणजे पूर्वी कधीतरी नळीत काही अडकलेले असताना बार उडाल्याची खूण.

- काडतुसाची खोबण : जुन्या बंदुकांत ती ६५ मिलिमीटरची, तर नव्यांत ७० मिलिमीटर किंवा अधिक असते. लांब काडतूस आखूड खोबणीत बसते. पण उडताना त्याचे तोंड पूर्ण उघडत नाही आणि दाब वाढतो.

- स्प्रिंग : वर्षानुवर्षे कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या बंदुकीत मॅगझिनची स्प्रिंग दबलेली वा गंजलेली असते. काडतूस पुढे सरकत नाही, तो दोष बहुधा येथेच असतो.

- चाप आणि सेफ्टी : सेफ्टी लावल्यावर चाप हलूनही घोडा पडता कामा नये. १८९७ च्या मॉडेलसारख्या काही जुन्या बंदुका चाप दाबून धरला असताना नुसत्या पंपानेही उडतात. घेणाऱ्याला हे आधीच ठाऊक असावे.

- दस्ता : मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्याने लाकूड आक्रसते. नळीच्या सांध्याजवळची बारीक चीर धक्क्याने उकलते.

चाचणी शेतात नको

‘एक बार काढून बघू’ म्हणून बांधावर गोळीबार करणे महागात पडू शकते. इतरांच्या जिवाला धोका होईल अशा निष्काळजी किंवा जल्लोषाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. चाचणी अधिकृत गोळीबार मैदानावर, जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावी.

पहिली पायरी बनावट, म्हणजे दारू व टोपी नसलेल्या काडतुसांची. ती भरून, पंप करून, बाहेर काढून यंत्रणा पन्नासेक वेळा तरी चालवून पाहावी. त्यानंतरचा पहिला खरा बार खांद्याला लावून नव्हे, तर पक्क्या आधारात बंदूक बसवून, दुरून काढावा. उडालेले काडतूस तपासावे. पितळी बूड फुगलेले, चिरलेले किंवा टोपी बाहेर आलेली असेल, तर बंदूक पुन्हा कारागिराकडे न्यावी.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर बंदूक सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर पुढचा बार न काढता नळी मोकळी आहे का, हे पाहावे. बारा बोअरच्या नळीत चुकून वीस बोअरचे काडतूस गेल्यास ते पुढे सरकून अडकते आणि मागून दुसरे भरले की नळी फाटते. त्यामुळे दोन मापांची काडतुसे घरात एकत्र ठेवू नयेत.

शेवटी कागदावर छर्ऱ्यांचा फैलाव मोजावा. घरातल्या पाच-सहा मीटर अंतरावर छर्रे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत लागतात. नेम न धरताही लागते, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. उलट चुकलेला बार पत्र्याच्या किंवा पातळ भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकतो.

स्वसंरक्षणाची मर्यादा

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे. रात्रीची घरफोडी, दरोडा, जिवावरचा हल्ला अशा प्रसंगी तो विस्तृत आहे. परंतु गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा नाही. पळून जाणाऱ्या चोरावर, बांधाच्या भांडणात किंवा केवळ धाक दाखवण्यासाठी बंदूक काढणारा स्वतःच आरोपी होतो.

बंदूक रिकामी करून कुलूपबंद ठेवावी. काडतुसे वेगळ्या जागी आणि किल्ली मुलांच्या हाती न लागेल अशी असावी. पावसाळ्यात दमट झालेली काडतुसे बाजूला काढावीत. निवडणूक काळात प्रशासनाने आदेश दिल्यास शस्त्र वेळेत जमा करून पावती घ्यावी. बंदूक हरवली किंवा चोरीस गेली, तर पोलिस ठाण्यात तातडीने कळवावे. रद्द झालेल्या परवान्यावरचे शस्त्र घरात ठेवणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणेच होय. ज्या बंदुकीवर घराची भिस्त ठेवायची, तिचा कागद आणि तिची नळी दोन्ही स्वच्छ असल्याची खात्री आधीच करून घ्यावी.