एका खोलीतल्या चार लिपी

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये मी नोकरीभर टपाल वाटलं. इथले पत्ते अजूनही 'बी. के. नंबर अमुक, रूम नंबर तमुक' असेच लिहितात. बी. के. म्हणजे बॅरेक. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती, तिच्या या बराकी. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबं सरकारने इथे आणून उतरवली. मध्ये गोणपाट टांगून एकेका बराकीत अनेक बिऱ्हाडं राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते छावणीचं उल्हासनगर झालं. बराकी पाडून इमारती झाल्या, नंबर मात्र तेच राहिले.

मी लागलो तेव्हा अजमेर, इंदूर, आदिपूरहून भरपूर पत्रं यायची. पत्ता इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि आतला मजकूर उजवीकडून डावीकडे. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्याच्या सरकारनेच 1853 साली सिंधीसाठी अरबी वळणाची 52 अक्षरी लिपी ठरवून दिली होती. काही अक्षरांवर चार-चार टिंबं. टाकाने लिहिलेलं असलं की ती टिंबं कागदात रुतलेली दिसायची.

एका खोलीत एक दादी होत्या. पत्र हातात घेऊन मलाच म्हणायच्या, "पुट, पढ़ी ॿुधाइ," म्हणजे 'बाळा, वाचून ऐकव.' यातला 'ॿ' श्वास आत ओढून म्हणायचा. आपल्या मराठी जिभेला तो सहजी जमत नाही, आणि असे चार वर्ण सिंधीत आहेत. पत्र वाचणं माझ्या आवाक्यातलं नव्हतंच. पण दादींनाही ते वाचता येत नसे. त्या गुरुमुखी शिकलेल्या. सिंधमधल्या अनेक हिंदू घरांत बायका गुरुग्रंथाच्या पाठासाठी तेवढीच लिपी शिकत. त्यांचे दीर दुकानदार, त्यांची चोपडी हटवाणकीत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बिनमात्रांच्या लिपीत. आपली मोडी जशी घरच्या कारकुनालाच लागावी, तशी. मुलगा सिंधी शाळेत शिकलेला, त्याला अरबी लिपी यायची. नातू देवनागरीतलं सिंधी वाचायचा. मुलगा कामावरून येईपर्यंत पत्र देवाच्या फोटोमागे थांबायचं. भाषा चौघांची एकच.

या भाषेचं दुखणं मला तिथे समजलं. निर्वासित सिंधी समाजात लिपीवरून मोठा वाद झाला. जयरामदास दौलतराम यांच्यासारखे नेते देवनागरीच्या बाजूने होते, बरेच लेखक आणि शिक्षक अरबी लिपीच्या. केंद्र सरकारने 1950 साली देवनागरी मान्य केली, पुढच्याच वर्षी दोन्ही चालतील असं ठरवलं. वाचक मुळात थोडे, ते दोन वाटांना गेले. 10 एप्रिल 1967 रोजी सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, आणि तो दिवस सिंधी भाषा दिन म्हणून पाळतात. याच उल्हासनगरात राहून मोहन कल्पना लिहीत होते. त्यांना 1984 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे लेखक होते, मान्यता होती. पण या भाषेला देशात स्वतःचं राज्य नाही, तिच्यात कचेरी चालत नाही. सगळं सोडून आलेल्या आईबापांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातलं, त्यात त्यांचा काय दोष? सिंधी माध्यमाचे वर्ग रिकामे होत गेले.

हे पाहिलं की मला ब्रिटनमधल्या वेल्सची आठवण येते. तिथल्या वेल्श भाषेला शेजारच्या इंग्रजीने शतकानुशतकं रेटलं. 1939 साली अ‍ॅबरिस्टविथ गावात वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली तेव्हा मुलं होती सात. त्याच गावात फेब्रुवारी 1963 मध्ये तरुणांनी पूल अडवला आणि पोस्ट ऑफिसच्या भिंतीवर 'वेल्श वापरा' असे कागद चिकटवले. टपालखात्याचा माणूस म्हणून मला त्या भिंतीबद्दल राग येत नाही, आदरच वाटतो. 1982 साली त्यांची वेल्श दूरचित्रवाहिनी आली, 1993 साली भाषेचा कायदा. 2021 च्या जनगणनेत वेल्श येणारे 5 लाख 38 हजार निघाले, शंभरात अठरासुद्धा नाहीत. त्यांचीही लढाई संपलेली नाही. पण त्यांना पाय रोवायला स्वतःची भूमी होती. सिंधीभाषकांची भारतातली संख्या 2011 च्या जनगणनेत, कच्छी धरून, 27 लाखांवर आहे, आणि तरी इथल्या रिक्षात पोरं आपसात हिंदी बोलतात.

दादींच्या घरचं टपाल आता बँकेचं आणि विजेच्या बिलाचं. जुन्या पत्रांचे गठ्ठे मात्र पुष्कळ घरांत पेट्यांतून पडून आहेत. ती अरबी लिपी वाचणारी बहुतेक माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. माझी शेजाऱ्यांना हात जोडून विनंती आहे: ते गठ्ठे रद्दीत घालू नका. घरातल्या नाहीतर गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवा, पत्र मोठ्याने वाचून घ्या, मोबाइलवर आवाज नोंदवा आणि देवनागरीत उतरवून ठेवा. देवनागरी तर इथल्या प्रत्येक मुलाला येते. आम्ही मराठी शेजारीही लिहायला बसू.