दानपत्र आणि अर्ज

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म, आणि वाकाटक घराण्याची एक शाखा येथून राज्य करीत होती, एवढें बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक असतें. परंतु त्या शाखेचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना लेख हें एक देणगीपत्र आहे, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानांत येते. १९३९ सालीं वाशीम येथें सांपडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट त्याच्या ३७ व्या राज्यवर्षीं वत्सगुल्माहून दिला गेला. नांदेडकडील एक गांव अथर्ववेदी ब्राह्मणांस दिल्याचें तो सांगतो. त्यांतील वंशावळ संस्कृतांत आहे; देण्याचा मजकूर मात्र प्राकृतांत आहे. हुकूम ज्यांनीं पाळावयाचा, त्यांना तो कळावा, असाच त्यांतील हेतु असावा.

आज याच जिल्ह्यांतील एखादें गांवचें ग्रंथालय, महिला मंडळ किंवा पाणलोटाचें काम करणारी लहान संस्था मोठ्या प्रतिष्ठानाकडे अर्ज करते, तेव्हां तिच्यापुढें उभे राहणारे प्रश्न मुळींच नवे नाहींत. आपला शब्द देणाऱ्याच्या कानीं कोणी घालावा? अटी कोणत्या असाव्या? आणि दिलेल्या द्रव्यावर देणाऱ्याचा हक्क कितपत उरावा?

या प्रश्नांचा उत्तम दाखला शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत, अचलपूरनजीक चम्मक येथें मिळालेल्या ताम्रपटांत आहे. तो वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेचा राजा दुसरा प्रवरसेन याच्या १८ व्या राज्यवर्षांतला आहे. मधुनदीच्या कांठचें चर्मांक नांवाचें गांव, राजमानानें ८,००० भूमि, निरनिराळ्या गोत्रांच्या १,००० ब्राह्मणांस त्यानें दिलें. हें दान राजानें आपण होऊन दिलेलें नाहीं. शत्रुघ्नराजाचा पुत्र कोंडराज यानें विनंति केली म्हणून दिलें, असें पटांतच नमूद आहे. दरबारांत शब्द टाकणारा कोणी असल्याखेरीज अर्ज पुढें सरकत नाहीं, हा अनुभव इतका जुना आहे.

यानंतर राजा प्रथम स्वतःचे हात बांधून घेतो. गांवांत शिपाईप्यादे शिरणार नाहींत. कर व वेठ घेतली जाणार नाहीं. गुरेंढोरें, फुलें, दूध, कुरण, चामडें, कोळसा, मीठ यांवर सरकारचा हक्क राहणार नाहीं. मग तो घेणाऱ्यांस बांधतो. त्यांनीं राज्याशीं द्रोह करूं नये. ब्रह्महत्या, चोरी व व्यभिचार करूं नये. शस्त्र उचलूं नये. इतर गांवांस उपद्रव देऊं नये. ते असे वागतील तोंवर दान चंद्रसूर्यांइतकें टिकेल. न वागल्यास राजानें तें काढून घेतलें तरी त्यास चोरीचा दोष लागणार नाहीं.

या व्यवस्थेची स्तुति करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यास या व्यवहारांत कोणी विचारलें नव्हतें. त्याचा भार हलका झाला नाहीं. तो घेणारा धनी तेवढा बदलला. तथापि करार म्हणून पाहूं गेल्यास, देणारा आपल्यावरील बंधनें घेणाऱ्याच्या बंधनांआधीं लिहितो, हें त्यांतील मर्म होय.

पुढें राजांची जागा व्यापारी घराण्यांनीं घेतली. वाशीम जिल्ह्यांतील कारंजा येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत जुन्या पोथ्या जपून ठेवलेल्या होत्या. रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ सालीं सिद्ध केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडांतील हस्तलिखितांच्या सूचीमुळें तेथील अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. मग अंबादास चवरे यांच्या नांवानें निघालेल्या ग्रंथमालेंत पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनीं १९३१ सालीं, व ‘करकंडचरिउ’ प्रा. हिरालाल जैन यांनीं १९३४ सालीं संपादून प्रसिद्ध केलें.

महिला विद्यापीठाची कथा याहून बोधप्रद आहे. अण्णासाहेब कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या या संस्थेस सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १९२० सालीं १५ लक्ष रुपये देऊं केले, आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव मिळालें. इतकें होऊनहि सत्तरी उलटलेले अण्णासाहेब युरोप-अमेरिकेंत झोळी घेऊन हिंडले. मोठ्या देणगीनें संस्थेचें नांव होतें. रोजचा खर्च मात्र रोजच उभा राहतो.

१९१९ सालीं सर रतन टाटा ट्रस्ट व १९३२ सालीं सर दोराबजी टाटा ट्रस्ट निघाले. अशा संस्थांमुळें दाता हा एक मनुष्य न राहतां एक दप्तर बनला. हें एकपरी इष्टच झालें, कारण दप्तराला ओळखीपेक्षां कागदाचा पुरावा अधिक मानवतो. परंतु कागद वाढत गेला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यान्वयें नोंदणी, मग प्राप्तिकराची नोंदणी, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांचा सामाजिक निधि मिळण्यासाठीं आणखी एक नोंदणी! २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांस सरासरी नफ्याचा २ टक्के भाग समाजकार्यास लावण्याचें बंधन घातलें. पण आपल्या कारखान्याच्या परिसरास प्राधान्य द्यावें, असेंहि त्यांत सांगितलें आहे. कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या, कारखान्यांची दाटी नसलेल्या वाशीमच्या वांट्यास त्यामुळें काय येणार, हें सांगावयास नको. परदेशी देणग्यांच्या कायद्यांत २०२० सालीं झालेल्या दुरुस्तीनें तर एका संस्थेनें मिळालेलें द्रव्य दुसरीस देण्यासच बंदी केली, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. मोठ्या शहरांतील संस्था मानोऱ्याच्या अगर रिसोडच्या लहान मंडळास हात देई, ती वाट या द्रव्यापुरती तरी बंद झाली. कोंडराजाची विनंतीच बेकायदा ठरली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

हिशेब मागणें अन्याय नव्हे; लोकांच्या नांवानें घेतलेल्या पैशाचा हिशेब दिलाच पाहिजे. मात्र हिशेब लिहिणाऱ्याचें वेतन खर्चांत धरावयाचें नाहीं, आणि तरीहि हिशेब चोख पाहिजे, या दोन मागण्या एकत्र नांदत नाहींत. ही विसंगति मंजुरीपत्रांत प्रायः कोणी पाहत नाहीं, कारण त्यांतील बहुतेक कलमें घेणाऱ्यास उद्देशून असतात. त्याच पत्राच्या आरंभीं देणाऱ्यानेंहि आपलीं बंधनें लिहावीं: हप्ता अमुक दिवशीं पोंचेल, दुष्काळ पडल्यास खर्चाचें कलम बदलण्यास मुभा राहील, कारकुनाचा पगार मान्य असेल, आणि मधेंच धोरण बदलल्यास चालू वर्षाचें काम पुरें होऊं दिलें जाईल. लहान संस्थांनींहि अर्ज करतेवेळीं या गोष्टी संकोच न धरतां विचाराव्या. वऱ्हाडांत असें विचारण्याची व लिहून घेण्याची चाल सोळाशें वर्षांच्या सुमारास जुनी आहे.