कोंडी की डेडलॉक?

'डेडलॉक' या इंग्रजी शब्दाला मराठीत आपण सरसकट 'कोंडी' म्हणतो. चर्चा फिसकटली की बातमीत कोंडी झाली, तडजोड झाली की कोंडी फुटली. पण हे दोन शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत. हा फरक समजून घ्यायला 1945 सालच्या तलासरी-डहाणूत जावं लागेल.

शेरिडनच्या 1779 सालच्या 'द क्रिटिक' या इंग्रजी नाटकात हा शब्द एका गमतीदार प्रसंगात येतो. रंगमंचावर सगळ्यांनी एकमेकांवर तलवारी आणि खंजीर रोखलेत. आधी मागे कोण हटणार, या भीतीने कुणीच हलत नाही. हा डेडलॉक. संगणकातही तेच. एका प्रोग्रामला हवं ते दुसऱ्याने अडवलेलं, दुसऱ्याला हवं ते पहिल्याने, आणि दोघेही थांबलेले. म्हणजे डेडलॉकसाठी दोन्ही बाजूंच्या हातात काहीतरी असावं लागतं.

'कोंडी'ला ती अट नाही. कोंडी 'कोंडणे'तून येते. एक कोंडतो, दुसरा कोंडला जातो.

1945 पूर्वी वारली माणसाची होती ती कोंडी. जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेली. आधी त्यांच्या शेतावर वेठ, मग स्वतःचं काम. पावसाळ्यात पोटासाठी खावटी काढायची आणि ती दामदुपटीने फेडायची. लग्नासाठी कर्ज घेतलं तर नवराबायको दोघेही मालकाचे 'लग्नगडी', वर्षानुवर्षं. यात मालकाचं काहीच अडत नव्हतं.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली गेले होते (तलासरी तेव्हा याच तालुक्यात होतं). 23 मे रोजी झरी गावात सभा भरली, तेव्हा हजारो आले. शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते. ठरलं ते साधं होतं: वेठ बंद, आणि रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या शेतावर काम नाही.

खरा पेच पडला तो पावसाळा सरल्यावर, गवतावरून. इथलं गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी जायचं. ते वेळेत कापलं नाही तर उभ्या-उभ्या वाळून वाया जातं. वारल्यांनी 500 पौंड गवताला अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले. आता मालकाचंही अडलं. इकडे चूल थंड, तिकडे गवत वाळतंय. कोंडीचा डेडलॉक झाला तो इथे.

शेरिडनच्या नाटकात शेवटी राणीच्या नावाने हुकूम सुटतो आणि सगळेच शस्त्रं टाकतात. तलासरीत सरकारचा बडगा एकाच बाजूवर पडला. 10 ऑक्टोबर 1945 रोजी, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे या अफवेने जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. तरीही संप मोडला नाही.

पुढच्या वर्षी जंगलकामगारांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. मागणी रोज सवा रुपयाची. तोड थांबली, लाकूड अडलं, आणि नोव्हेंबर 1946 मध्ये लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला तो दर मान्य करावा लागला. पण सरकारने परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढलं, सशस्त्र पोलीस आणले. जानेवारी 1947 मध्ये पालघर तालुक्यातल्या नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला.

गोदावरी परुळेकरांनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलंय.

डेडलॉक म्हटलं की आपल्याला नुकसान दिसतं, कारण सगळं ठप्प होतं. झरीच्या सभेनंतरच्या वारल्यांसाठी मात्र ते ठप्प होणं हीच पहिली कमाई होती. त्याआधी मालकाला त्यांच्याशी बोलायची गरजच नव्हती. म्हणून यापुढे बातमीत 'कोंडी' वाचाल तेव्हा एक प्रश्न विचारा: इथे दोघेही अडलेत, की एकच कोंडला गेलाय?