लोकनायक अणे : वऱ्हाडातून कोलंबोपर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशांतील भारतीयांचा प्रश्न सरकारी पातळीवर ज्यांच्याकडे आला, त्यांत वऱ्हाडचे माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांचे नाव प्रमुख आहे. १९४१ ते १९४३ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीय खात्याचे सभासद होते. त्यानंतर १९४७ पर्यंत ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून राहिले.

अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण घेतल्यावर काही वर्षे त्यांनी अमरावतीच्या काशीबाई प्रायव्हेट हायस्कुलात शिक्षकी केली. अमरावती त्या वेळी वऱ्हाडच्या राजकारणाचे केंद्र होते. काँग्रेसचे १८९७ चे अधिवेशन तेथेच भरले होते आणि दादासाहेब खापर्डे यांच्यामुळे टिळकांच्या राजकारणाचा तेथे चांगला जम बसला होता. अणेही टिळकपक्षात आले. १९०८ पासून यवतमाळला वकिली करत त्यांनी होमरूल चळवळीत भाग घेतला आणि पुढे वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद अनेक वर्षे सांभाळले.

टिळकांनंतर काँग्रेसची सूत्रे गांधींकडे गेली, तेव्हा कायदेमंडळांवर बहिष्कार घालण्याचा मार्ग अणे यांना पटला नाही. मिळालेली सत्ता देशहितासाठी वापरावी आणि सरकारच्या वागणुकीप्रमाणे सहकार्य वा विरोध करावा, हा टिळकांचा प्रतियोगी सहकारितेचा विचार होता. याच विचाराचा पक्ष फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यात स्थापन झाला. जयकर, केळकर आणि मुंजे यांच्याबरोबर अणे त्याच्या पुढाऱ्यांत होते. १९२८ च्या नेहरू अहवालावरही त्यांची सही आहे.

मात्र सत्याग्रहाची हाक आली तेव्हा अणे मागे राहिले नाहीत. वऱ्हाडाला समुद्र नाही, म्हणून एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. पावसाळा लागल्यावर जंगल कायद्याकडे लक्ष वळले. १० जुलै १९३० रोजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात विनापरवाना गवत कापले व तुरुंगवास पत्करला. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी, धर्म व जातींनुसार वेगळे प्रतिनिधित्व देणाऱ्या ब्रिटिशांच्या जातीय निवाड्याबाबत काँग्रेसने तटस्थ भूमिका घेतल्याने त्यांनी मदनमोहन मालवीयांसह काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला.

जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कार्यकारी मंडळाचा विस्तार केला. मंडळात भारतीयांची संख्या इंग्रजांपेक्षा जास्त झाली, पण संरक्षण, गृह आणि अर्थ ही खाती इंग्रजांकडेच राहिली. काँग्रेस बाहेर असताना अणे यांनी सभासदत्व स्वीकारले आणि त्यांच्यावर टीका झाली. त्यांच्या खात्यावर लवकरच मोठी जबाबदारी पडली. १९४२ च्या आरंभी जपानने ब्रह्मदेश व्यापला आणि लाखो भारतीय डोंगर-जंगलांतून आसाम व मणिपूरकडे पायी निघाले. वाटेत रोगराईने आणि उपासमारीने हजारो माणसे दगावली. युरोपियांना सोयीची वाट आणि भारतीयांना खडतर वाट, असा भेदभाव होत असल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा अणे यांनी पंडित हृदयनाथ कुंझरूंसमवेत त्या भागात जाऊन निर्वासितांची स्थिती पाहिली.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'भारत छोडो' चळवळीत काँग्रेस नेत्यांना अटक झाल्यावर अणे यांची स्थिती अवघड झाली. चळवळ दडपताना चिमूर येथे झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी यांनी नोव्हेंबरात दिल्लीत अणे यांच्याच निवासस्थानी उपोषण आरंभले. फेब्रुवारी १९४३ मध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण सुरू केले, पण सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले.

त्याच वर्षी अणे सिलोनला गेले. तेथे चहा-रबराच्या मळ्यांवर प्रामुख्याने तमिळ असे लाखो भारतीय मजूर राबत होते. अकुशल मजुरांनी तेथे जाण्यावर भारत सरकारने १९३९ मध्ये बंदी घातली होती. मलाया हातचा गेल्यामुळे दोस्त राष्ट्रांना सिलोनचे रबर अत्यावश्यक झाले आणि सिलोन सरकारला आणखी मजूर हवे होते. मात्र आधीच तेथे राहणाऱ्यांच्या हक्कांची हमी मिळाल्याशिवाय मजूर पाठवायला भारत राजी नव्हता. मताधिकार व नागरिकत्व यांवरील ही कोंडी अणे यांच्या कारकिर्दीत फुटली नाही. १९४७ मध्ये त्यांच्या जागी व्ही. व्ही. गिरी उच्चायुक्त म्हणून आले. पुढच्या वर्षी सिलोनच्या नागरिकत्व कायद्याने बहुसंख्य मळेकामगार राज्यहीन ठरले.

अणे जानेवारी १९४८ ते जून १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल होते. निवृत्तीनंतर त्यांनी वेगळ्या विदर्भ राज्याची मागणी धरून ठेवली. याच मागणीसाठी ते १९५९ च्या पोटनिवडणुकीत आणि १९६२ मध्ये नागपूरहून लोकसभेवर गेले. १२ हजारांहून अधिक श्लोकांचे 'तिलकयशोऽर्णव' हे संस्कृत महाकाव्य त्यांनी रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले होते, तर महाकाव्याला १९७३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सरकारात जाणे आणि त्यातून बाहेर पडणे, या दोन्ही गोष्टी अणे यांनी टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेच्या कसोटीवर केल्या. म्हणून १९३० चा तुरुंगवास, १९४१ चे सभासदत्व आणि १९४३ चा राजीनामा यांत विसंगती शोधण्यापेक्षा एकाच धोरणाचे तीन प्रसंग पाहणे अधिक न्याय्य ठरते.