अडथळ्यांचे खेळ, दूरचित्रवाणीवरील

धावणे, उड्या मारणे, चढणे, सरपटणे व तोल सांभाळणे यांचा कस लावणारे अडथळे एका आखीव मार्गावर मांडून ते ठराविक वेळात पार करण्याची स्पर्धा ज्यांत दाखविली जाते असे, मुख्यतः बालप्रेक्षकांना प्रिय असलेले करमणुकीचे कार्यक्रम. १९६० नंतर यूरोपात, १९८० नंतर अमेरिका व जपान या देशांत आणि २००० नंतर भारतात त्यांचा प्रसार झाला. हा प्रसार बव्हंशी अनुकरणाने झालेला आहे. यांतील जवळजवळ प्रत्येक अडथळा शाळेच्या पटांगणावर विनामूल्य खेळला जातो. त्याच अडथळ्यांची विशिष्ट मांडणी मात्र देशोदेशी परवान्यावर विकली जाते आणि तिच्या मालकीसाठी न्यायालयात दावे लढविले जातात. त्यामुळे एखाद्या खेळावर कोणाची मालकी असू शकते काय, हा प्रश्न या कार्यक्रमांच्या निमित्ताने पुन:पुन्हा पुढे आला.

पूर्वपीठिका : अडथळ्यांची शर्यत मूळची दूरचित्रवाणीची नव्हे. सैनिकी प्रशिक्षणात भिंत ओलांडणे, खंदक उडी मारून पार करणे, दोरावरून चढणे अशा सरावाला जुने स्थान आहे. इंग्रजी अमदानीतील शाळांच्या क्रीडासंमेलनांतून पोत्यातील शर्यत, तीन पायांची शर्यत, लिंबू-चमचा हे प्रकार महाराष्ट्रात रुजले आणि लंगडी, लगोरी, सूरपारंब्या, आट्यापाट्या या देशी खेळांच्या शेजारी सहज नांदू लागले. वाशिम जिल्ह्यातील (१ जुलै १९९८ पूर्वीच्या अकोला जिल्ह्यातील) मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी शालेय क्रीडास्पर्धांत अडथळ्यांची शर्यत घ्यावयाची, तर त्यासाठी दोरी, पोती, जुने टायर आणि चुन्याची फक्की एवढे साहित्य पुरते. परवानगी कोणाची घ्यावी लागत नाही.

देशी खेळांचे नियम बांधण्याचे काम महाराष्ट्रात हेतुपूर्वक झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम तयार केले. मंगरूळपीर ज्या अमरावती विभागात मोडते, त्या विभागाच्या मुख्य ठिकाणी त्याच वर्षी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. नियम छापण्यामागे व प्रात्यक्षिके करण्यामागे इतरांनी आपले अनुकरण करावे, हाच उद्देश होता. दूरचित्रवाणी-व्यवसायातही प्रत्येक कार्यक्रमाचे नियमपुस्तक असते. पण ते पैसे भरणाऱ्यालाच वाचावयास मिळते. खेळांचे नियम लिहून काढण्याच्या या दोन परंपरांतील अंतर पुढील सर्व इतिहासात जाणवते.

यूरोपातील प्रारंभ : १९५९ मध्ये इटलीच्या दूरचित्रवाणीवर ‘काम्पानिले सेरा’ हा गावागावांतील चुरशीचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या धर्तीवर फ्रान्समध्ये १९६२ साली ‘अँतरव्हील’ आणि त्यातून १९६५ मध्ये ‘जे साँ फ्राँतिएर’ (सीमा नसलेले खेळ) ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा निर्माण झाली. पहिल्या वर्षी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम व इटली या देशांची गावे तीत उतरली. अवाढव्य पोशाख घालून निसरड्या फळ्यांवरून पाणी वाहून नेणे, अशासारखे विनोदी अडथळे हे तिचे वैशिष्ट्य होते. येथे अनुकरणाला चोरीचे रूप आले नाही. कारण हे कार्यक्रम सरकारी किंवा सार्वजनिक प्रक्षेपणसंस्थांचे असून त्या यूरोपीय प्रक्षेपण संघाच्या सभासद होत्या. ब्रिटनमधील बीबीसीचा ‘इट्स अ नॉकआउट’ (१९६६–८२) हा त्याच कुळातला होय.

अमेरिका : मुलांना स्पर्धक म्हणून घेणारा या प्रकारचा सर्वांत प्रभावी कार्यक्रम म्हणजे निकेलोडियन या बालवाहिनीवरील ‘डबल डेअर’ (१९८६). त्यात प्रश्नोत्तरे व शारीरिक कसरतीचे खेळ झाल्यावर विजयी जोडीला आठ अडथळे साठ सेकंदांत पार करावे लागत. चिकट रसाने भरलेल्या घसरगुंड्या, प्रचंड नाकात हात घालून शोधावयाचे निशाण असे ते अडथळे पाहून पालक नाक मुरडत आणि मुले खूष होत. अंगावर सांडलेल्या घाणीबद्दल कोणी रागावत नाही, उलट बक्षीस मिळते, हे त्याच्या यशाचे खरे मर्म असावे. दोन वर्षांच्या आत ‘फन हाउस’ (१९८८) सारखे कार्यक्रम निघाले आणि ब्रिटनमध्येही दोहोंच्या आवृत्त्या झाल्या.

जपान : टोकियो ब्रॉडकास्टिंग सिस्टिम (टीबीएस) या संस्थेने १९८६ ते १९८९ या काळात ‘फूउन! ताकेशी-जो’ हा कार्यक्रम प्रसारित केला. इंग्रजीत तो ‘ताकेशीज कॅसल’ या नावाने ओळखला जातो. विनोदी नट व पुढे चित्रपटदिग्दर्शक म्हणून कीर्ती मिळविलेले ताकेशी कितानो (१९४७– ) हे त्यात गडाचे अधिपती असत. प्रत्येक भागात सुमारे शंभर सर्वसामान्य स्पर्धक गडावर चालून जात. वाटेतल्या अडथळ्यांत बहुतेक सर्व बाद होत व उरलेले मूठभर शेवटच्या लढाईत बहुधा हरत. तळ्यातील दगडांवरून उड्या मारीत पलीकडे जावयाचे, पण त्यांतले काही दगड नुसते तरंगते. ओळीने दारे, पण त्यांतली काही कागदाची व काही घट्ट बंद. झुलत्या पुलावर उभे राहून तोफेतून सुटलेला चेंडू झेलावयाचा. यांत कौशल्यापेक्षा नशीब मोठे होते. यशापेक्षा पडणे अधिक रंजक असते, ही या कार्यक्रमाने दूरचित्रवाणीला दिलेली देणगी होय. ती सर्वस्वी हितकर मात्र म्हणता येत नाही.

या चित्रफितींचा परदेशप्रवास लक्षणीय आहे. ब्रिटनमध्ये २००२ पासून त्या नव्या इंग्रजी निवेदनासह दाखविल्या गेल्या. अमेरिकेत २००३ पासून मूळ संवाद बाजूला सारून सर्वस्वी काल्पनिक संवाद बसविण्यात आले. भारतात पोगो (स्थापना २००४) या बालवाहिनीने त्यांना जावेद जाफरी यांच्या हिंदी निवेदनाची जोड दिली. जपानी स्पर्धकांना भारतीय नावे देणारे, स्थानिक कोट्या करणारे हे निवेदन इतके प्रिय झाले, की अनेक मुलांच्या स्मरणात मूळ खेळांपेक्षा तेच अधिक राहिले. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावरील ‘किलबिल’ सारख्या शांत, शैक्षणिक वळणाच्या बालकार्यक्रमांवर मराठी मुलांची आधीची पिढी वाढली होती. हिंदीला सरावलेल्या विदर्भातील मुलांना हा नवा आरडाओरडा परका वाटला नाही. भारतीय वाहिन्यांनी मुलांसाठी असे अडथळे स्वतः उभारण्याच्या फंदात फारसे न पडता गायन-नृत्याच्या स्पर्धांवर भर दिला. पाण्याची तळी, मऊ गाद्या, सुरक्षारक्षक आणि विमा यांच्या तुलनेत एक रंगमंच व वाद्यवृंद स्वस्त पडतो, हे त्याचे एक उघड कारण दिसते.

‘वाइपआउट’ आणि दावा : जून २००८ मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘वाइपआउट’ हा कार्यक्रम सुरू झाला. मोठमोठ्या लाल चेंडूंवरून उड्या मारीत जाणारे व चिखलात पडणारे स्पर्धक आणि त्यांची थट्टा करणारे निवेदक, हे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी टीबीएसने लॉस अँजेल्सच्या संघीय न्यायालयात दावा लावून, आपल्या ‘ताकेशीज कॅसल’ व अन्य कार्यक्रमांची ही नक्कल असल्याचे प्रतिपादन केले. २०११ मध्ये प्रकरण आपसात मिटले. त्यामुळे अडथळ्यांच्या मांडणीला स्वामित्वहक्क लागू होतो की नाही, हे न्यायालयाच्या तोंडून कळण्याची मोठी संधी हुकली.

दरम्यान ‘वाइपआउट’ चा स्वतःचा व्यापार फोफावला. एंडेमॉल या निर्मितीसंस्थेने अर्जेंटिनात ब्वेनस एअरीझजवळ एकच मार्ग उभारला आणि निरनिराळ्या देशांचे चमू आळीपाळीने आपापले स्पर्धक व सूत्रसंचालक घेऊन तेथे चित्रीकरण करून जाऊ लागले. फेब्रुवारी २०११ मध्ये इमॅजिन वाहिनीवर आलेला, शाहरुख खान सूत्रसंचालक असलेला ‘जोर का झटका’ हा त्याचाच हिंदी अवतार.

कायद्याची बाजू : स्वामित्वहक्क कल्पनेला मिळत नाही, तिच्या आविष्काराला मिळतो, हे या क्षेत्रातील मूलतत्त्व होय. भारतात ते सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ (१९५६) हा चित्रपट उचलला, अशी तेथे तक्रार होती. विषय एकच असला, तरी मांडणी भिन्न असल्यास हक्कभंग होत नाही, असा निर्णय झाला. कार्यक्रमांच्या आकृतिबंधाबाबत (व्यवसायातील शब्द फॉरमॅट) प्रिव्ही कौन्सिलचा १९८९ मधील निर्णय मूलभूत मानला जातो. ब्रिटिश सूत्रसंचालक ह्यूई ग्रीन यांनी आपला ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ हा कार्यक्रम न्यूझीलंडच्या प्रक्षेपणसंस्थेने त्याच नावाने, त्याच ठराविक वाक्यांसह व टाळ्या मोजण्याच्या त्याच यंत्रासह चालविल्याबद्दल दावा केला होता. नाव आणि युक्त्या सारख्या असल्या, तरी दर भागात आशय बदलणाऱ्या कार्यक्रमात प्रयोगक्षम नाट्यकृतीची एकसंधता नसते, म्हणून त्यांचा दावा फेटाळला गेला. अडथळ्यांच्या शर्यतीला तर हे अधिकच लागू पडते. कोण कोठे पडेल, हे कोणतीही संहिता सांगू शकत नाही.

भारतीय उच्च न्यायालयांनी मात्र एक वेगळी वाट काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दूरचित्रवाणीवरील स्वयंवराची कल्पना विश्वासाने सांगितलेली असल्याने तिला संरक्षण दिले आणि प्रतिस्पर्धी कार्यक्रमास चार महिन्यांची मनाई केली. मार्च २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात, श्रीकृष्णाच्या बालरूपावर आधारलेल्या एका मालिका-कल्पनेबाबत असाच दृष्टिकोन स्वीकारला. कल्पना जगजाहीर विषयावरची असली, तरी तिला दिलेला विकसित आकार गोपनीय असू शकतो व तो सांगणाऱ्याचा विश्वासघात करता येत नाही, असे हे तत्त्व आहे. लहान निर्मात्याला त्याचा आधार मोठा वाटतो. पण त्याची मर्यादाही उघड आहे. एकदा कार्यक्रम प्रसारित झाला, की गोपनीयता संपते, आणि पडद्यावर पाहून केलेल्या नकलेवर हे शस्त्र चालत नाही.

आकृतिबंधाचा व्यापार : कायदा इतका अपुरा असताना वाहिन्या परवान्याचे पैसे का मोजतात? २००० साली आकृतिबंधांच्या संरक्षणासाठी फ्रापा ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तरी खरे कारण व्यावहारिक आहे. परवान्याबरोबर मिळणाऱ्या नियमपुस्तकात (व्यवसायात त्याला ‘बायबल’ म्हणतात) प्रकाशयोजना, संगीत, स्पर्धकांची निवड, इतर देशांत झालेल्या चुका हे सर्व नोंदलेले असते. विकत घेतला जातो तो अनुभव, शिवाय नाव. ‘हू वाँट्स टू बी अ मिल्यनेअर?’ (१९९८) या ब्रिटिश कार्यक्रमाचा ‘कौन बनेगा करोडपती’ (२०००) व त्यानंतर मराठीत ‘कोण होईल मराठी करोडपती’ (२०१३) आणि ‘कोण होणार करोडपती’ (२०१९) हा प्रवास असाच झाला.

उलट दिशेचा प्रवास मराठीत अधिक बोलका आहे. २००४ मध्ये सुरू होऊन २०२२ पर्यंत चाललेल्या ‘होम मिनिस्टर’ या आदेश बांदेकरांच्या कार्यक्रमात उखाणे, फुगे फुगविणे, चेंडू नेमका बादलीत टाकणे असे घरगुती खेळ आणि शेवटी पैठणी असे. पाहतापाहता ‘खेळ पैठणीचा’ या नावाचे कार्यक्रम गणेशोत्सवात, नवरात्रात, राजकीय पक्षांच्या महिला-मेळाव्यांत होऊ लागले आणि तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. ध्वनिक्षेपक हाती घेतलेला स्थानिक निवेदक, समोर दोरीने आखलेले मैदान आणि स्टेजवर मांडलेली पैठणी हे दृश्य महाराष्ट्राला परिचित आहे. जे खेळ अंगणातून दूरचित्रवाणीवर गेले होते, ते सूत्रसंचालकाच्या लकबीसह अंगणात परतले. याला नक्कल म्हणावे की परतफेड, हे ठरविणे कठीण आहे.

अलीकडील घडामोडी : टीबीएसच्याच ‘सासुके’ (१९९७) या कठीण अडथळ्यांच्या स्पर्धेबाबत परवान्याची पद्धत रुजली, तिच्यावर आधारित ‘अमेरिकन निन्जा वॉरियर’ २००९ मध्ये व त्याची मुलांसाठीची आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. २०२३ मध्ये ‘ताकेशीज कॅसल’ चे पुनरुज्जीवन झाले. त्याच्या भारतीय आवृत्तीला भुवन बाम यांचे निवेदन होते. आधुनिक पंचक्रीडास्पर्धेतून (मॉडर्न पेंटॅथलॉन) पॅरिस ऑलिंपिकनंतर (२०२४) अश्वारोहण वगळून त्याच्या जागी अशाच धाटणीची अडथळ्यांची शर्यत आणण्याचे ठरले असून, २०२८ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकसाठी तिचा स्वीकार झाला आहे. तिचे नियम छापील असून कोणत्याही देशाच्या संघटनेला ते वापरता येतात.